बाबांची फाईल, जुना सीपीयू आणि कोसाडचं घर

आपल्या समूहात सगळे आपापल्या घराण्याच्या आठवणी लिहितायत. कुणी गिरणीच्या, कुणी पुराच्या. मी आज एका कॉम्प्युटरची हकिगत लिहितो. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा. हल्ली बऱ्याच घरांत "जुना डबा भंगारात टाकू का?" हा प्रश्न पडलाय, त्यांना उपयोग होईल.

आमचं मूळ गाव अमळनेर. तापी खोऱ्याची रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि खानदेशातल्या माणसाला सुरत जवळ आलं. त्याच लाईनने आमचे आजोबा इथे आले. बाबा इथेच वाढले, कापडाच्या पेढीवर हिशेबनीस झाले. २००१ मध्ये त्यांनी तीसेक हजार घालून कॉम्प्युटर जोडून घेतला. पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८. आम्हाला वाटलं मुलांसाठी घेतला. पण रोज रात्री जेवणं झाली की तेच बसायचे. एक मराठी फाँटचं पॅकेज घेतलं होतं, त्यात दोन बोटांनी घराण्याची हकिगत टाईप करायचे. पुढे आणखी १२८ एमबी रॅम आणि विंडोज एक्सपी टाकलं, तरी फाईल तीच.

ऑगस्ट २००६ चा पूर सुरतकरांना सांगायला नको. उकाईतून सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं आणि शहराचा मोठा भाग बुडाला. आम्ही तेव्हा अडाजणला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. बाबांनी आधी आईला वर पाठवलं, मग सीपीयू खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे ठेवला. मॉनिटर खालीच राहिला, गेला. पुढे आम्ही कोसाडला घर घेतलं. महापालिकेची हद्द वाढली, कोसाड शहरात आलं, आवासच्या इमारती उभ्या राहिल्या, गावाचं रूपच बदललं. तो सीपीयू मात्र आमच्याबरोबर आला.

२०१२ मध्ये बाबा गेले. कॉम्प्युटर कोपऱ्यात कापड टाकून पडून होता. २०१४ च्या उन्हाळ्यात अमळनेरहून आत्याचा फोन आला. "तुझ्या बाबाने काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखव रे. माझे डोळे गेले, कान अजून आहेत." आत्या तेव्हा एक्क्याऐंशीची. आजोबांना पाहिलेली घरातली शेवटची व्यक्ती.

मशीन लावलं. दहा मिनिटं चाललं आणि निळा पडदा. परत लावलं, अर्ध्यातच रीस्टार्ट. कधी स्क्रीन गोठायची, तारीख दरवेळी २००२ वर जायची. दुकानदाराकडे नेलं. तो म्हणाला, "एक्सपी बंद झालं साहेब. फॉरमॅट मारून दुसरं काही टाकू." एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला होता हे खरं. पण फॉरमॅट म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. सपोर्ट संपला म्हणजे नवे सुरक्षेचे दुरुस्ती-अपडेट येणं थांबलं. मशीन त्याने आपोआप रीस्टार्ट होत नसतं. मी सीपीयू उचलून घरी आणला.

एका ओळखीच्या मुलाने पहिलं शहाणपण सांगितलं: "काका, आधी डेटा बाहेर काढा, मग दुरुस्ती." त्याने सीडीवर पपी लिनक्स आणून दिलं. हे सीडीवरून सुरू होतं, रॅममध्ये चालतं, हार्ड डिस्कवर काही टाकावं लागत नाही. मधेच दोनदा बंद पडलं, पण तिसऱ्या वेळी बाबांचा फोल्डर पेनड्राईव्हवर उतरला. त्या मुलाने विंडोजच्या फोल्डरमधले फाँटही उचलायला लावले. ते का, हे पुढे कळलं.

विंडोज न लावताही मशीन बंद पडत होतं, म्हणजे दोष विंडोजचा नव्हता, मशीनच्या अंगात होता. मग एकेक करत शोधलं.

तारीख मागे जाते म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपला. सीआर २०३२, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

झाकण उघडलं तर पंख्यात धाग्यांची गादी. शेजारी लूम्सचं खातं, बारीक तंतू घरभर उडतात. प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम फिरत होता. ब्रशने साफ केलं, जुनी पेस्ट पुसून नवी लावली.

मग मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. सकाळी पडद्यावर लाल ओळी. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून एक तपासली, मग खाचा बदलून पुन्हा तपासलं. दोष पट्टीबरोबर फिरला, म्हणजे खाच बरी, पट्टी खराब. ती काढली. निळा पडदा गेला.

तरी संध्याकाळी लाईट कमी-जास्त झाली की रीस्टार्ट व्हायचंच. टॉर्च मारून पाहिलं तर प्रोसेसरजवळचे तीन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले. साधारण २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर असे कच्चे कपॅसिटर बऱ्याच मदरबोर्डांत बसले होते. अमरोलीच्या टीव्ही रिपेअर करणाऱ्या भाईंनी तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त बघून, प्लस-मायनस सांभाळून बदलून दिले. एसएमपीएसही नवा घातला. मशीन दिवसभर चाललं.

आता सिस्टीम कोणती ठेवायची? विंडोज ७ ला निदान १ जीबी रॅम लागते, ती नव्हती. लिनक्स हलकं होतं, फुकट होतं, पण बाबांचं फाँटचं पॅकेज त्यात चालेना. त्याला प्रिंटरच्या पोर्टवर लावायचं कुलूप होतं, ज्याला डोंगल म्हणायचे. तो डोंगल बाबांच्या कपाटात, देवाच्या जुन्या टाकांच्या डबीत सापडला!

इथे थोडा इतिहास. पुण्याला १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं, जिस्ट तंत्राने कॉम्प्युटरवर आपली अक्षरं दिसू लागली. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, लिनक्सही त्याच वर्षीचं. पण डीटीपीच्या बहुतेक फाँटांनी स्वतःचे वेगळे कोड वापरले. इंग्रजी 'के'च्या जागी एकात 'क' तर दुसऱ्यात 'ा'. फाँट गेला की मजकूर नुसती गिचमिड. म्हणून तो मुलगा फाँट उचला म्हणत होता. अक्षर वाचवायचं तर त्याची किल्लीही वाचवावी लागते.

मग असं ठरवलं: जुन्या मशीनवर एक्सपी तसंच ठेवायचं, इंटरनेटची वायर कधी लावायची नाही, फक्त ती फाईल उघडायला. रोजच्या कामाला घरच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. त्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लगेच लागला. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणला, पण पहिली वेलांटी चुकली. जुन्या फाँटात ती अक्षराच्या आधी टाईप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर साठवतात. रफारही भलतीकडे गेले. एक्सपीवर मूळ बघत, लॅपटॉपवर सुधारत, बेचाळीस पानांना दीड महिना लागला. आई शेजारी बसून नावं तपासायची.

दिवाळीत प्रिंट घेऊन अमळनेरला गेलो. आत्याला दोन दिवस वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. आजोबा सुरतला आले, कुठे राहिले, किती पगार, सगळं झालं. मग अहिराणीत म्हणाली, "आन् माय कव्हय उनी, ते कोठे शे रे भाऊ?"

आजी कधी आली, हे बेचाळीस पानांत कुठेच नव्हतं. आजोबांमागून दोन वर्षांनी, आत्याला कडेवर घेऊन, एकटी गाडीत बसून आली होती ती. पहिली काही वर्षं कांड्या भरून घर तिने चालवलं. हे आत्या सांगत गेली, मी लॅपटॉपवर लिहीत गेलो. बाबांनी मुद्दाम गाळलं नसेल, त्यांना सुचलंच नसेल. पण मशीन फॉरमॅट झालं असतं तर काय गाळलंय हेही कधी कळलं नसतं.

दोन वर्षांनी आत्या गेली.

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्टही संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो, म्हणून बरीच चालती मशीनं भंगाराच्या वाटेवर आहेत. माझं एवढंच सांगणं: आधी फाईली आणि फाँट बाहेर काढा, दोन ठिकाणी ठेवा. मग सेल, धूळ, रॅम, एसएमपीएस तपासा. सिस्टीम कोणती ठेवायची, ते सगळ्यात शेवटी. आणि फाईल उघडली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा.

तुमच्याकडे कुणाच्या जुन्या मराठी फाईली पडून आहेत का? कमेंटमध्ये सांगा. डोंगल हरवला असेल तरी सांगा, काहीतरी वाट काढू.