बिअर, पाणी आणि अबकारी

झाशीहून कानपूरकडे निघाले म्हणजे सुमारे तीस किलोमीटरांवर चिरगाँव लागते. राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचा जन्म १८८६ साली येथे झाला, एवढीच या गावाची माहिती, बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा, आम्हांस होती. येथे आल्यावर आणखी एक गोष्ट कळली. वैष्णव घराण्यात वाढलेल्या या कवीने उमर खय्यामच्या रुबायांचा हिंदी अनुवाद केला आहे. आमच्याकडे माधव जूलियनांनी त्या मराठीत आणल्या. काव्यातील पेला असा कोठल्याही भाषेत बिनदिक्कत शिरतो, कारण त्याच्यावर कर नसतो. खऱ्या पेल्यावर असतो. आणि त्या करामुळे पेल्यातील पदार्थाची चवसुद्धा ठरते, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

त्याला निमित्त झाले झाशीतील एका संध्याकाळचे. बुंदेलखंडातील मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना त्या संध्याकाळचे वर्णन सांगावयास नको. एका रेल्वेवाल्या स्नेह्याच्या क्वार्टरात आम्ही चौघे मराठी नोकरदार जमलो होतो. (१९६४ च्या वर्तणूक नियमांतील बाविसावा नियम सार्वजनिक जागी मद्यपानास मनाई करतो, स्नेह्याचे घर सार्वजनिक नव्हे, हे आम्ही आधीच ठरवून घेतले होते.) नागपूरकडील गृहस्थ प्रशिक्षणासाठी सहा महिने जर्मनीत राहून आलेले, त्यांच्या मते म्यूनिकखेरीज बिअर कोठे होतच नाही. पुण्याचे गृहस्थ मेहुण्याकडे लंडनला जाऊन आलेले; त्यांना इंग्रजी एलचा कडवटपणा आठवून गहिवर येत होता. तिसरे बेळगावचे, त्यांनी बेल्जमची आंबटसर बिअर एकदाच चाखली होती, पण अभिमान दहादा चाखल्याचा होता. आम्ही परदेश पाहिलेला नाही. आमची सारी बिअर ‘ठंडी बियर’ अशी पाटी लावलेल्या दुकानांतली. म्हणून पंच आम्हांस नेमण्यात आले. शेवटी ‘अहो, आवड ज्याची त्याची’ असे म्हणून वाद मिटविला गेला. ते वाक्य आम्हांस खटकले. पुढे सवडीने पुस्तके चाळली, तेव्हा आवड ज्याची त्याची फारच थोडी असते असे दिसून आले.

आधी पाणी घ्या. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. इंग्लंडातील बर्टन गावच्या विहिरींत जिप्समचा अंश पुष्कळ. त्या पाण्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ आणि धारदार उतरतो. म्यूनिक, डब्लिन व लंडन येथील पाणी निराळ्या प्रकारे जड. त्यात फिकट बिअर नीट साधत नसे, भाजलेल्या काळपट जवाची साधे. म्हणून म्यूनिकची बिअर गडद, डब्लिनची स्टाउट काळी आणि लंडनची पोर्टरही काळी. बोहेमियातील पिल्सेनचे पाणी अतिशय मृदू. तेथे १८४२ साली योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन कारागिराने फिकट जव घेऊन बव्हेरियन रीतीची बिअर उतरविली, ती सोन्याच्या रंगाची निघाली. आज जगात जी बिअर सर्वाधिक खपते, तिचे मूळ या पिल्सेनात आहे. बेल्जममध्ये ब्रसेल्सच्या आसमंतात तर यीस्ट बाहेरून घालीतच नाहीत. उघड्या हौदात हवेतून जे पडेल त्यावर ती आंबते. आमच्या बेळगावकर स्नेह्यांना भावलेला आंबटपणा त्या हवेचा.

जर्मनांचा अभिमान ज्यावर उभा आहे तो बव्हेरियाचा १५१६ चा हुकूम. बिअरमध्ये जव, हॉप्स व पाणी याखेरीज काही घालू नये, असे त्यात म्हटले आहे. शुद्धतेचा कायदा म्हणून तो मिरविला जातो. परंतु त्यातील बराचसा मजकूर विक्रीच्या भावासंबंधी आहे. त्यात यीस्टचा उल्लेख नाही, कारण आंबविणारा जीव कोणता हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. शुद्ध यीस्ट वेगळे करून वाढविण्याची रीत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन यांनी १८८३ साली काढली.

इंग्रजांची कथा आम्हां हिंदी लोकांना अधिक जवळची. पूर्व लंडनमधील बो येथे हॉजसन नावाचा बिअरवाला होता. कंपनीच्या जहाजांचे कप्तान जवळच्याच गोदीत असत, आणि हा गृहस्थ त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल देई. त्याची फिकट, हॉप्सने भरलेली बिअर विषुववृत्त ओलांडून कलकत्ता-मुंबईस चांगल्या स्थितीत पोचे. पुढे त्याने भाव चढविले, तेव्हा १८२२ च्या सुमारास बर्टनच्या ऑलसॉपने तशी बिअर करावयास घेतली; पहिला नमुना चहाच्या किटलीत केला अशी कथा सांगतात. हीच ती ‘इंडिया पेल एल’. ही बिअर खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली असे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नव्हे. तशी बिअर इंग्लंडात आधीच होती. हिंदुस्थानच्या प्रवासाने तिला नाव दिले. शिवाय ती साहेबलोकांची. छावणीतील साध्या गोऱ्या शिपायासाठी पिंपेच्या पिंपे येत ती काळ्या पोर्टरची. उन्हाळ्यात बराकीत बसून कोमट पोर्टर पिणाऱ्या त्या शिपायाला कोणी ‘तुझी आवड कोणती’ असे विचारले असेल, हे संभवत नाही.

झाशीही असे छावणीचे गाव झाले. १८८६ साली इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत दिला व झाशी शहर बदल्यात घेतले. तोवर हिंदुस्थानातच बिअर करण्याची व्यवस्था झालेली होती. एडवर्ड डायर नावाच्या इंग्रजाने १८५५ च्या सुमारास सिमल्याजवळ कसौलीस कारखाना काढला. पुढे त्याचे कारखाने मरी, रावळपिंडी, लखनौ असे पसरले. थंड हवा, डोंगरी झऱ्याचे पाणी आणि हाकेच्या अंतरावर तहानलेल्या पलटणी, असा तो हिशेब होता. या डायरच्या मुलाचा जन्म १८६४ साली मरी येथे झाला. त्याचे नाव रेजिनाल्ड. १९१९ साली जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा तो हाच. डायरच्या मागून आलेल्या मीकिनने कसौली-सिमल्याचे कारखाने घेतले आणि रानीखेत, चक्राता, दार्जिलिंग यांबरोबर आपल्या पुण्याजवळ खडकीसही एक उभारला. खडकी थंड हवेचे ठिकाण नव्हे. पण १८१७ ची लढाई जेथे झाली तेथे गोऱ्यांची छावणी होती, आणि बिअर छावणीच्या मागे जाते. दोन्ही घराण्यांचा धंदा एकत्र झाला, तो १९४९ साली नरेंद्रनाथ मोहन यांनी घेतला.

फिकट, थंडगार लागर आम्हांस आज स्वाभाविक वाटते. तिचा आपल्याकडील प्रसारही यंत्राचा गुण आहे. लागर कमी उष्णतेवर आंबवून महिनेच्या महिने गारठ्यात ठेवावी लागते. म्यूनिकमध्ये लिंडेने १८७० नंतरच्या दशकात शीतयंत्र बिअरवाल्यांसाठीच सिद्ध केले, तेव्हा उष्ण देशांत ती शक्य झाली. अतिशय गार पदार्थाची चव जिभेला नीट कळत नाही, हाही तिचा एक फायदा म्हणावा. आमच्या दुकानांतील काही बाटल्यांना तो फारच उपकारक आहे.

आणि अबकारी. इंग्लंडात ग्लॅडस्टनने १८८० साली मॉल्टवरील कर काढून बिअरच्या घनतेवर कर बसविला. पहिल्या महायुद्धात तो कडाडला आणि इंग्रजांची बिअर सौम्य होत गेली. आज पुण्याचे गृहस्थ जिला ‘सौम्य, संभाषणास पोषक’ म्हणतात, तिच्यामागे एवढा युद्धखर्च आहे. आपल्याकडे उलट घडले. पुष्कळ राज्यांत कर जोरावर नव्हे, बाटलीवर. मग गिऱ्हाईक त्याच पैशांत अधिक नशा मागते, आणि ‘स्ट्राँग’चा खप सर्वांत मोठा होतो. मुंबई राज्यात तर १९४९ च्या कायद्याने दारूबंदीच आली. ती पुढे सैल झाली, तरी ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत मागे राहिला. पिण्याच्या जागेला परवान्याचे नाव देणारी दुसरी भाषा आम्हांस ठाऊक नाही.

हे सारे टिपण तयार झाल्यावर आम्ही ते कचेरीतील वृद्ध शिपायांना मोठ्या हौसेने सांगितले. त्यांना सारे ‘दद्दा’ म्हणतात. या गावात मैथिलीशरणांनाही दद्दाच म्हणत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बाबूजी, इसमें फूल कौन सा पड़ता है?” हॉप्स ही एका वेलीची फुलेच, असे आम्ही सांगितले. त्यावर ते हसून म्हणाले की फूल तर आमच्याकडेही आहे.

ते मोहाविषयी बोलत होते. आम्ही चौघांनी त्या संध्याकाळी तीन देशांची वकिली ऐकली, पण बाहेर उभ्या असलेल्या झाडाचे नाव कोणी काढले नव्हते. मग आम्ही मोहाच्या मागे लागलो, तेव्हा वाट थेट आमच्याच मुलखात गेली. मुंबई सरकारने १८९२ साली ‘म्हौरा ॲक्ट’ केला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जमविणे व जवळ बाळगणे त्याने निर्बंधाखाली आले. घरोघरी दारू गाळली गेली तर सरकारी मक्त्याची दारू खपणार कशी, ही चिंता होती. वास्तविक ती फुले दुष्काळात गरिबांचे अन्न होत. खडकीस गोऱ्यांसाठी पिंपे भरत होती त्याच इलाख्यात वारली-काथोड्यांना पडलेले फूल उचलण्याची चोरी झाली. सांप्रत मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून मान्यता दिली आहे. बेतवेच्या अलीकडे, उत्तर प्रदेशात, ती घरी गाळणे अजून गुन्हाच.

गेल्या चैत्रात दद्दांच्या अंगणात फुले वाळत घातली होती. त्यांनी मूठभर फुले भाजक्या चण्यांबरोबर वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिली. फूल गोड, मनुक्यासारखे, मागून किंचित उग्र वास. त्यात बाविसाव्या नियमाचा भंग नव्हता, म्हणून आम्ही ती कचेरीतच खाल्ली, आणि उरलेली जर्मनीस जाऊन आलेल्या स्नेह्यांना टपालाने पाठविली. त्यांचा अभिप्राय अद्याप आलेला नाही.