न दिलेलें मत : १९२० चा कौन्सिलबहिष्कार

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २७ सप्टेंबर २०१३ रोजीं असा निकाल दिला कीं, मतदारास उमेदवारांपैकीं कोणीच पसंत नसेल तर तसें गुप्तपणें नोंदविण्याची सोय मतदानयंत्रावर असली पाहिजे. 'वरीलपैकीं कोणीहि नाहीं' ही कळ तेव्हांपासून यंत्राच्या तळाशीं येऊन बसली. तत्पूर्वीं १९६१ च्या निवडणूक-नियमांत नकार नोंदविण्याची एक वाट होती. पण तीसाठीं केंद्राधिकाऱ्यासमोर सही करावी लागे, म्हणजे नकार देणारा कोण हें चारचौघांत उघड होई. नव्या कळीनें गुप्तता राखली. परंतु विधानसभा व लोकसभा यांच्या निकालावर तिचा परिणाम शून्य. तिला सर्वांहून अधिक मतें पडलीं तरी तिच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगानें २०१८ सालीं स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता हा नियम बदलला आणि अशा प्रसंगीं फेरनिवडणूक घ्यावी असें ठरविलें. या सर्व खटाटोपामागें एक जुना प्रश्न उभा आहे : मत न देणें हें कांहीं सांगणें आहे, कीं नुसतें गप्प बसणें आहे? आम्हांस वाटतें, या प्रश्नाचा विचार कायद्याच्या कलमांपेक्षां इतिहासाच्या एका प्रकरणावरून अधिक नीट करतां येईल. तें प्रकरण म्हणजे १९२० सालचा कौन्सिलबहिष्कार होय.

ही कल्पना कांहीं केवळ आमच्याच भूमींत उगवली नव्हती. इटलीच्या एकीकरणांत पोपचें राज्य लयास जाऊं लागलें तेव्हां धर्मपीठानें कॅथलिक प्रजेस राष्ट्रीय निवडणुकींत भाग घेण्यास मनाई केली. ती मनाई ढिली होत होत १९१९ सालीं पूर्णपणें उठली. मधल्या अर्धशतकांत इटलीचें राज्य चालावयाचें तें चाललेंच. याउलट १९१८ च्या डिसेंबरांत आयर्लंडमध्यें सिन फेन पक्षानें निवडणूक लढविली, १०५ पैकीं ७३ जागा जिंकल्या, आणि मग त्याच्या प्रतिनिधींनीं वेस्टमिन्स्टरकडे पाठ फिरवून डब्लिन येथें स्वतःची सभा भरविली. या दोन बहिष्कारांतील भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आयरिश लोकांनीं आधीं मतें मोजून घेतलीं व मग बहिष्कार घातला. त्यामुळें त्यांच्या पाठीशीं किती लोक आहेत याविषयीं इंग्रज मुत्सद्द्यांस वाद घालण्यास जागा उरली नाहीं.

आतां आमच्याकडील स्थिति पाहूं. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलांत लोकनियुक्त सभासद ८६ झाले. पण हे 'लोक' कोण? शेतकऱ्यांत साधारणपणें ३२ रुपये सारा भरणाराचें नांव मतदारांच्या यादींत चढे. कोंकणासारख्या गरीब मुलखांत ही अट थोडी सैल होती. शहरांत घरभाड्याची व प्राप्तीवरील कराची अट. स्त्रियांस मत नव्हतें. एवढ्या चाळणींतून गळून जे उरले ते प्रौढ लोकसंख्येच्या मानानें मूठभरच. तेव्हां १९२० सालीं मताधिकार झुगारून देण्याची जी भाषा निघाली, ती ज्यांच्या हातीं तो अधिकार आला होता अशा थोडक्यांपुरतीच खरी होती. बाकीच्यांनीं काय झुगारावें? त्यांचें मौन कायद्यानेंच ठरवून ठेवलें होतें.

लोकमान्य टिळकांचें धोरण बहिष्काराचें नव्हतें. १९१९ च्या डिसेंबरांत अमृतसर काँग्रेसमध्यें त्यांनीं प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार केला : सरकार जितकें देईल तितकें पदरांत घ्यावें, आणि उरल्यासाठीं झगडावें. १९२० च्या एप्रिलांत त्यांनीं नव्या पक्षाचा जाहीरनामा काढला तोहि कौन्सिलांत जाण्याच्याच हिशेबानें. मौजेची गोष्ट ही कीं, अमृतसरास या सुधारणा राबवाव्यात असें सांगणारांत गांधीजी होते, आणि त्या साफ नाकाराव्यात म्हणणारांचे पुढारी होते देशबंधु दास. नऊ महिने लोटले नाहींत तों दोघांनीं जागा बदलल्या. मध्यंतरीं पंजाबच्या अत्याचारांवरील हंटर कमिटीचा अहवाल आला, तुर्कस्तानावर लादलेल्या तहाच्या अटी प्रसिद्ध झाल्या, आणि गांधीजींचा इंग्रजांच्या न्यायबुद्धीवरील विश्वास उडाला. १ ऑगस्ट १९२० हा असहकारितेच्या प्रारंभाचा दिवस ठरला; त्याच दिवशीं पहाटेपूर्वीं मुंबईस सरदारगृहांत लोकमान्यांचें निधन झालें. 'लोकमान्य असते तर' हा विषय पुढें कित्येक वर्षें आमच्या वादसभांना पुरला. त्यांत आम्हांस पडावयाचें नाहीं. मेलेल्या माणसाचें मत पेटींत टाकणें हाहि निवडणुकीच्या गैरप्रकारांपैकींच एक होय.

सप्टेंबरांत कलकत्त्यास लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें जादा अधिवेशन भरलें. पंडित मालवीय, बॅरिस्टर जीना, ॲनी बेझंट, बिपिनचंद्र पाल आणि स्वतः दास अशी मातब्बर मंडळी गांधीजींच्या विरुद्ध होती. मोठ्यांपैकीं मोतीलाल नेहरू तेवढे त्यांच्या बाजूस. विषयनियामक समितींत ठराव जेमतेम तरला; खुल्या अधिवेशनांत मात्र तो दुपटीहून अधिक मतांनीं पसार झाला. त्यांतील कौन्सिलविषयक कलम नीट वाचण्यासारखें आहे. उमेदवारांनीं आपली उमेदवारी मागें घ्यावी एवढेंच सांगून तें थांबत नाहीं. काँग्रेसचा सल्ला झुगारून जो उभा राहील त्यास मतदारांनीं मत देऊं नये, असेंहि त्यांत आहे. म्हणजे बहिष्कारास दोन टोकें होतीं : एक पुढाऱ्याच्या हातांतलें व दुसरें मतदाराच्या हातांतलें.

पुढाऱ्यांचें टोक चांगलें ताणलें गेलें. येथें पुण्याच्या मंडळींविषयीं दोन शब्द लिहिणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों, कारण त्यांची बाजू हल्लींच्या पुस्तकांत एका ओळींत उरकली जाते. नरसिंह चिंतामण केळकर व त्यांचे सहकारी यांस कौन्सिलबहिष्कार मनापासून अमान्य होता. लोकमान्यांच्या हयातींत निवडणुकीची तयारी सुरू झालेली; मतदारसंघ हिंडून झालेले; जागा मिळण्याचा संभवहि दांडगा. तरी काँग्रेसचा ठराव होतांच त्यांनीं उमेदवारी मागें घेतली, आणि आपला मतभेद गिळून न टाकतां तो उघडपणें लिहीत राहिले. बंगाल्यांत दासांच्या पक्षानेंहि तेंच केलें. हरलेल्या पक्षानें बहुमताचा निर्णय पाळावा आणि तरीहि आपलें म्हणणें सोडूं नये, हा धडा कौन्सिलांत बसून जितका शिकतां आला असता त्याहून चांगला तो कौन्सिलाबाहेर राहून या लोकांनीं गिरविला. त्यांच्यावर पुढें 'अर्धवट असहकारी' म्हणून जी टीका झाली ती आम्हांस अन्यायाची वाटते.

मतदाराच्या टोकाची कथा निराळी. नोव्हेंबरांत निवडणुका सुरू झाल्या. देशांतील ६३७ जागांपैकीं उमेदवारच नाहीं असें अवघ्या सहांविषयीं झालें. राष्ट्रीय पक्षानें सोडलेल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहींत; मवाळ, जमीनदार, व्यापारी, ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी अशांनीं त्या भरून काढल्या. परंतु ज्या ठिकाणीं लढत झाली तेथेंहि बहुसंख्य मतदार घरींच राहिले; शहरांतून, विशेषतः मुंबईंत, पेट्यांकडे फारच थोडे फिरकले. मग सरकारनें पहिल्या आंकड्याकडे बोट दाखवून बहिष्कार फसला म्हटलें, काँग्रेसनें दुसऱ्याकडे बोट दाखवून तो यशस्वी झाला म्हटलें, आणि दोघांचेंहि म्हणणें खोटें पाडण्यास कांहीं साधन नव्हतें. घरीं राहिलेल्यांत गांधीजींचा शब्द मानून राहिलेले किती, शेजाऱ्यांच्या भीतीनें राहिलेले किती, आणि खळ्यावरचें काम टाकून तालुक्याच्या गांवीं कोण जातो म्हणून राहिलेले किती? प्रत्यक्ष मतदानाची संवय लोकांस नव्हती. १९०९ च्या कायद्याखालील निवडणुका बव्हंशीं आडवळणाच्या होत्या. तुलनेस मागचा आंकडा नव्हता. १९२३ सालीं काँग्रेसमधील एक मोठा गट मैदानांत उतरला तेव्हां मतदान स्पष्टपणें वाढलें, यावरून पूर्वींच्या मौनांत निषेधाचा बराच अंश असावा असें अनुमान मात्र करतां येतें.

कांहीं ठिकाणीं बहिष्कारवाद्यांनीं आणखी एक युक्ति काढली. कौन्सिलाची टवाळी व्हावी म्हणून अक्षरशत्रु, हलक्या समजल्या जाणाऱ्या धंद्यांतील माणसें हेतुपुरस्सर उभीं केलीं. त्या काळीं या विनोदास पुष्कळ हंशा मिळाला. आम्हांस त्यांत हंसूं येत नाहीं. न्हाव्यानें किंवा चांभारानें कायदेमंडळांत बसणें ही ज्यांना थट्टा वाटली, त्यांच्या स्वराज्याच्या कल्पनेंत न्हाव्याची व चांभाराची जागा कोणती होती, हें त्या हंशानें सांगून टाकलें.

आणि येथेंच या प्रकरणाचें मर्म आहे. ज्यांच्या घरांत दोन पिढ्या वकिली, वृत्तपत्रें व सभा नांदत होत्या त्यांस कौन्सिल सोडणें हा त्याग होता, कारण बोलण्याच्या दुसऱ्या जागा त्यांना मोकळ्या होत्या. ज्यांस त्या नव्हत्या त्यांनीं काय करावें? मद्रासेंत जस्टिस पक्षानें बहिष्काराची पर्वा न करतां ९८ पैकीं ६३ जागा घेतल्या व मंत्रिमंडळ बनविलें. मुंबई इलाख्यांत मराठे व तत्सम जातींसाठीं ७ जागा राखून ठेविल्या होत्या. विठ्ठल रामजी शिंदे यांनीं त्याच वर्षीं बहुजन पक्षाचा जाहीरनामा काढला. राखीव जागेवरून उभें राहणें त्यांस पटलें नाहीं, म्हणून ते सर्वसाधारण जागेवरून उभे राहिले आणि पडले. डॉ. आंबेडकरांनीं १९१९ च्या जानेवारींतच साउथबरो कमिटीपुढें साक्ष देऊन अस्पृश्यांस मताधिकार व स्वतःचे प्रतिनिधि मागितले होते. मिळाली ती सरकारनियुक्त जागा. जें मत अजून हातीं आलें नाहीं त्यावर बहिष्कार घाला असें या लोकांस सांगणें म्हणजे उपाशी माणसास एकादशीचें माहात्म्य सांगण्यासारखें होतें. या लोकांनीं तो उपदेश ऐकला नाहीं म्हणून त्यांस देशद्रोही म्हणणारे आमच्यांत पुष्कळ निघाले, हें नमूद करून ठेवणें भाग आहे.

देशबंधूंनीं नागपूरच्या अधिवेशनांत डिसेंबरांत स्वतःच असहकारितेचा मुख्य ठराव मांडला. पण १९२२ च्या फेब्रुवारींत चौरीचौऱ्याच्या हत्याकांडानंतर चळवळ मागें घेतली गेली, गांधीजी तुरुंगांत गेले, आणि बहिष्काराचा सगळा हिशेब पुन्हा निघाला. काँग्रेसच्या चौकशी समितीचे सहा सभासद तीनास तीन असे विभागले. फेरवाले आणि नाफेरवाले यांच्या भांडणांतून स्वराज्य पक्ष जन्मला व तो १९२३ च्या निवडणुकींत उतरला. मध्यप्रांतांत त्यास बहुमत मिळालें. तेथील कौन्सिलानें मंत्र्यांचा पगार वर्षास दोन रुपये ठरविला आणि द्विदल राज्यपद्धतीचा गाडा अडवून दाखविला. बाहेर राहून जें साधलें नव्हतें तें आंत जाऊन साधलें. पण आंत गेल्याचीहि किंमत असते : दोन वर्षांच्या आंत, १९२५ च्या ऑक्टोबरांत, त्याच पक्षाचे श्री. तांबे यांनीं गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळांतील जागा स्वीकारली, आणि त्यावरून केळकर, जयकर व मुंजे हे मोतीलालजींपासून फुटून पुन्हा प्रतियोगी सहकारितेच्या वाटेस लागले.

राहतां राहिलें तें मुंबईचें बहिष्कृत कौन्सिल. त्यानें आपल्या तीन वर्षांत काय केलें हें आमच्या राष्ट्रीय इतिहासांत सहसा सांगितलें जात नाहीं. १९२१ सालीं त्यानें स्त्रियांस मताधिकार देण्याचा ठराव केला. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असतांना १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला व स्थानिक संस्थांस सक्तीचें शिक्षण सुरू करण्याची वाट मिळाली. आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला ठराव त्यानें मंजूर केला : सरकारी पैशानें बांधलेल्या व राखलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा, तसाच शाळा, दवाखाने व कचेऱ्या यांचा उपयोग अस्पृश्यांस करूं द्यावा. जे निवडणुकीस उभे राहिले त्यांच्यामुळें हा ठराव कागदावर आला. महाड नगरपालिकेनें तो १९२४ च्या जानेवारींत मान्य करून चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचें जाहीर केलें. त्यानंतर तीन वर्षें त्या तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी भरण्यास जाऊं शकला नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं आंबेडकर आपल्या अनुयायांसह पायऱ्या उतरून गेले आणि ओंजळींत पाणी घेतलें, तेव्हां कौन्सिलाचा तो ठराव पहिल्यानें तळ्यापर्यंत पोंचला.