गरम हवेची वाट

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. उन्हाळा, पाहुणे, आंब्याच्या पेट्या... कारणं नेहमीचीच. पण मे महिन्यात घरात एक प्रसंग घडला आणि त्यात चूक माझी निघाली. मुलांच्या चुका मी फळ्यावर लिहून दाखवत असे. मग स्वतःची का लपवायची?

नातू पुण्याहून चार दिवसांसाठी आला होता. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. त्याच्याकडे गेमिंग लॅपटॉप आहे, चांगलाच जड. आल्या दिवसापासून त्या यंत्राचा पंखा असा घोंघावत होता की आमच्या हिला स्वयंपाकघरात वाटलं, मिक्सर चालू राहिला! पट्टीच्या डाव्या बाजूला बोट ठेववत नव्हतं. मधेच चित्र अडखळायचं आणि दोनदा तर लॅपटॉप आपोआप बंदच पडला.

मी माझा चाळीस वर्षांचा मास्तरी शेरा मारला, "दिवसभर गेम खेळलास की असंच होणार. बंद कर ते."

तो एवढंच म्हणाला, "आबा, गेम नाही. प्रोजेक्ट आहे. सोमवारी द्यायचाय." आणि लॅपटॉप बॅगेत भरायला लागला. म्हणे आजच रात्रीच्या गाडीने परत जातो. ही माझ्याकडे बघायला लागली. मला बोललेलं मागे घेता येईना, म्हणून मी म्हटलं, "चल, आधी दुरुस्तीवाल्याकडे तरी जाऊ."

आमच्या बाजारपेठेतला दुरुस्तीवाला मुलगा बोलायला कमी. त्याने खालचे स्क्रू काढले, आधी बॅटरीची जोडणी सुटी केली आणि मग पंखा बाहेर काढला. पंख्याच्या पुढे तांब्याच्या बारीक पात्यांची एक जाळी असते. तिच्या तोंडाशी करड्या रंगाचा थर बसला होता, गादीतल्या कापसासारखा दाबलेला. पंखा फिरत होता, पण हवा जायला वाटच नव्हती. तो थर चिमटीत धरून त्याने विचारलं, "हा ठेवता कशावर?"

मंडळी, ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं. आमच्या सागवानी टेबलाला चरे पडू नयेत म्हणून लॅपटॉपखाली गोधडी घालायला मीच सांगितलं होतं! गेल्या दिवाळीत आला तेव्हाही हाच हुकूम होता. हवा आत घ्यायच्या फटी नेमक्या तळाला असतात. त्या गोधडीने बंद झाल्या आणि तिचेच तंतू आत ओढले गेले. नातू काही बोलला नाही. त्यामुळे मला जास्तच लागलं.

मी इतिहास शिकवला आहे. एखादी गोष्ट कधीपासून चालत आली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. काही नातवाने सांगितलं, बाकीचं नंतर मी वाचून काढलं. आणि लक्षात आलं की संगणकाचा इतिहास हा निम्मा तरी गरम हवा बाहेर काढण्याचा इतिहास आहे.

तारेतून वीज गेली की तार तापते, हा हिशेब जेम्स जूलने १८४० च्या सुमारास मांडला. संगणक तरी वेगळं काय करतो? त्याने घेतलेली वीज शेवटी जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला ‘एनिॲक’ सुरू झाला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज खात असे. जुन्या रेडिओत तांबूस उजळणाऱ्या काचेच्या नळ्या असत ना, त्याच. त्यांच्या आत तापलेली तार लागतेच, म्हणजे उष्णता कामाच्या आधीच हजर! एनिॲकला मोठाले पंखे लावलेले होते आणि आतलं तापमान मर्यादेबाहेर गेलं की वीज तोडणारी सोयसुद्धा होती. नातवाचा लॅपटॉप आपोआप बंद पडत होता, ती खोड नव्हती. ही जुनी सोयच होती.

आपल्याकडेही ते पर्व होऊन गेलं आहे. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशात बांधलेला संगणक चालू झाला. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या आणि तो थंड खोलीत ठेवावा लागे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो आणि आमच्या गावात पंखासुद्धा फक्त डॉक्टरांकडे होता.

पुढे ट्रान्झिस्टर आले, नळ्या गेल्या. वाटलं असेल, सुटलो. पण माणसाने जागा वाचली की तिथे आणखी यंत्रणा कोंबली. १९७६ चा ‘क्रे-१’ हा महासंगणक थंड करायला तेव्हाच्या फ्रिजमध्ये असायचा तसला फ्रिऑन वापरावा लागला. १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये तर सगळी सर्किटं वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवूनच ठेवली होती.

क्रे-१ चं पहिलं यंत्र अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत गेलं. ह्याच प्रयोगशाळेत १९६३ साली जॉर्ज ग्रोव्हर यांनी एक नळी बनवली होती आणि तिला ‘हीट पाइप’ हे नाव दिलं. दुरुस्तीवाल्याने मला लॅपटॉपच्या पोटात चपट्या तांब्याच्या पट्ट्या दाखवल्या, त्या म्हणजे ह्याच नळ्या. बाहेरून भरीव दिसतात, पण आत पोकळी असते आणि थोडंसं पाणी. चिपच्या बाजूला ते पाणी तापून वाफ होतं, वाफ जाळीकडच्या थंड टोकाला जाते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि आतल्या जाळीदार अस्तरातून झिरपत मागे येते. भाताच्या झाकणाला आतून थेंब जमतात आणि परत पातेल्यात पडतात, तसंच. ना मोटर, ना आवाज. मूळ संशोधन अंतराळयानांतल्या वीजनिर्मितीसाठी चाललं होतं, आणि त्या नळ्या आता आमच्या टेबलावर!

घरगुती संगणकाच्या प्रोसेसरला १९८० च्या दशकात बहुधा पंखा लागत नसे. १९९३ मध्ये पेंटियम आला, आणि प्रोसेसरवर पंखा बसवणं हळूहळू नेहमीचं झालं. मग वेगाची शर्यत लागली. २००४ पर्यंत प्रोसेसर एकटाच १०० वॅटच्या पुढे गेला, म्हणजे जुना शंभराचा दिवाच! त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढायचा बेत सोडून दिला. नुसता वेग वाढवत नेणं उष्णतेमुळे परवडेना. मग एकाच चिपवर दोन, पुढे चार, आठ गाभे आले. एकाने धापा टाकत पळण्यापेक्षा अनेकांनी मिळून काम वाटून घ्यायचं.

तरीही नातवाच्या लॅपटॉपच्या चार्जरवर २३० वॅट असा आकडा आहे. चित्रं काढणारी चिप वेगळी, प्रोसेसर वेगळा, आणि दोघांची उष्णता बोटभर जाडीच्या डब्यातून दोन छोट्या पंख्यांनी बाहेर टाकायची.

आता दुरुस्तीचं सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. पंख्याचा आवाज मोठा पण बाहेर येणारी हवा कमी, असं असलं तर वाट तुंबली आहे असं समजावं. घरघर किंवा खडखड असेल तर पंख्याचं बेअरिंग गेलेलं असू शकतं, तो बदलावा. साफ करताना बॅटरी सोडवूनच करावं आणि पंख्याचं पातं बोटाने धरून मग हवा मारावी, नाहीतर ते भन्नाट फिरून बिघडतं. चिप आणि तांब्याच्या मधली पेस्ट दोन-चार वर्षांनी सुकते. आमच्या लॅपटॉपमध्ये तिचे पापुद्रे निघाले, ती नवीन लावली. आणि लॅपटॉप कडक, सपाट पृष्ठभागावर ठेवावा. गोधडीवर नाही! आधी काम सुरू केलं की तापमान ९७-९८ अंशांवर जात होतं, आता तेच काम ८० च्या आसपास होतं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. यंत्र बंद पडण्याआधी ते सावकाश का होत होतं, असं मी विचारलं. नातू म्हणाला, ते मुद्दाम वेग कमी करतं, जळू नये म्हणून. २००१ मध्ये एका संगणक-चाचणी संकेतस्थळाने प्रोसेसर चालू असताना वरचा हीटसिंक काढून पाहिला होता. ज्या ॲथलॉनला ही सवय नव्हती तो जळून गेला, पेंटियम ४ मात्र नुसता मंद झाला आणि वाचला. म्हणजे मंदपणा हा दोष नव्हता, स्वतःला वाचवायची धडपड होती.

आमच्या शाळेत एक वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरत असे, दुपारच्या सत्रात. मार्च-एप्रिलमध्ये तिथली मुलं डोळे मिटत. एका मुलाच्या प्रगतीपुस्तकात मी सलग तीन वेळा ‘मंद आहे, लक्ष देत नाही’ असा शेरा लिहिला होता. पुढच्या वर्षी तो वर्ग सकाळच्या सत्रात गेला आणि तोच मुलगा इतिहासात पहिल्या पाचांत आला. मी तेव्हा त्याला शाबासकी दिली. जुना शेरा चुकला होता, हे मात्र त्याला कधी म्हणालो नाही.

नातवाला मात्र त्याच रात्री म्हणालो. "चूक माझी होती रे. गोधडी माझी, आणि बोललोही मीच." तो हसला, म्हणाला, "आबा, टेबलाला चरे पडतील हं." मी म्हटलं, पडू देत.

प्रोजेक्ट सोमवारी वेळेत गेला. टेबलाला दोन चरे पडले आहेत. ही अजून त्यावरून बोलते. असो!