युनिक्समधील निर्देशिका सेवा : ‘यलो पेजेस’ ते ‘एलडॅप’ – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासात यंत्रांचा वेग आणि स्मृतिक्षमता यांची चर्चा विपुल प्रमाणात होते. अनेक संगणक एकत्र जोडले गेल्यावर त्यांचा कारभार कसा चालवावा, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाते. प्रवेश कोणाला द्यावा, हे कोणी ठरवावे आणि त्या निर्णयावर इतर यंत्रांनी कशाच्या आधारे विश्वास ठेवावा, हे या प्रश्नाचे मूळ स्वरूप होय. प्रस्तुत लेखात युनिक्समधील निर्देशिका सेवांच्या वाटचालीचा या दृष्टीने आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

युनिक्समध्ये वापरकर्त्याचे नाव, क्रमांक व सांकेतिक रूपातील पासवर्ड एका साध्या मजकूर-फाइलमध्ये नोंदवले जात. एकाच मोठ्या संगणकावर अनेक जण काम करीत, तोपर्यंत ही व्यवस्था पुरेशी होती. १९८० च्या दशकात वर्कस्टेशनचा प्रसार झाला आणि परिस्थिती बदलली. पन्नास यंत्रे असल्यास एका नव्या वापरकर्त्यासाठी पन्नास फाइलींत नोंद करावी लागे.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्सने ‘नेटवर्क फाइल सिस्टीम’ विकसित केल्यावर ही अडचण अधिक तीव्र झाली. या प्रणालीत फाइलीचा मालक नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखला जाई. दोन यंत्रांवर एकच क्रमांक दोन भिन्न व्यक्तींना दिलेला असल्यास एकाच्या फाइली दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका होता. म्हणून १९८५ मध्ये सनने तिच्या जोडीला ‘यलो पेजेस’ ही सेवा दिली. हे नाव ब्रिटनमध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे व्यापारचिन्ह असल्याने पुढे ते बदलून ‘नेटवर्क इन्फर्मेशन सर्व्हिस’, म्हणजे ‘निस’, असे करण्यात आले. तथापि ‘वायपीसर्व्ह’, ‘वायपीबाइंड’, ‘वायपीकॅट’ या आज्ञांमध्ये जुन्या नावाची आद्याक्षरे कायम राहिली.

रचना व कार्यपद्धती

निसची रचना तीन घटकांवर उभी होती. समान माहिती वापरणाऱ्या यंत्रांच्या समूहास ‘डोमेन’ म्हणत. इंटरनेटवरील डोमेन नावांशी त्याचा संबंध नव्हता. डोमेनमधील एक यंत्र मुख्य सर्व्हर असे. त्यावर ‘वायपीइनिट’ ही आज्ञा चालविली असता मजकूर-फाइलींपासून ‘मॅप’ नावाचे द्विस्तंभी तक्ते तयार होत. दुय्यम सर्व्हर या तक्त्यांच्या प्रती बाळगीत. बदल मात्र मुख्य सर्व्हरवरच होत. त्यामुळे मुख्य सर्व्हर बंद पडला तरी माहिती मिळत राही, परंतु तिच्यात दुरुस्ती करता येत नसे.

क्लायंट यंत्रास डोमेनचे नाव दिले की ‘वायपीबाइंड’ जाळ्यावर सर्वांना उद्देशून विचारणा करी आणि प्रथम उत्तर देणाऱ्या सर्व्हरशी जोडले जाई. ही विचारणा राउटर ओलांडून जात नसल्याने जाळ्याच्या प्रत्येक उपविभागात एक सर्व्हर ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

विश्वासाचा प्रश्न

या सुलभतेतच निसची उणीव दडलेली होती. प्रथम उत्तर देणारा सर्व्हर खरा आहे की तोतया, याची शहानिशा क्लायंट करीत नसे. तसेच डोमेनचे नाव ठाऊक असलेल्या कोणालाही पासवर्डचा तक्ता सांकेतिक रूपात मागवून घेता येई. जाळ्यातील सर्व जण परिचित आणि विश्वासार्ह आहेत, हे गृहीतक त्यामागे होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्मने यंत्रावरील सांकेतिक पासवर्ड वाचून ४३२ शब्दांच्या यादीच्या साहाय्यानेही अंदाज बांधले. ही घटना निसपुरती मर्यादित नव्हती. परंतु असे तक्ते खुले ठेवणे किती धोक्याचे आहे, हे तिने दाखवून दिले.

पर्यायांचा शोध

१९९२ मध्ये सोलॅरिस २ सोबत सनने ‘निस प्लस’ आणली. श्रेणीबद्ध डोमेन, बहुस्तंभी तक्ते आणि प्रत्येक यंत्र व वापरकर्ता यांची ओळखपत्रे ही तिची वैशिष्ट्ये होती. सुरक्षेच्या दृष्टीने ती सरस होती. तथापि तिची उभारणी व देखभाल क्लिष्ट असल्याने ती निसची जागा घेऊ शकली नाही. २०११ च्या सोलॅरिस ११ मधून ती वगळण्यात आली.

दरम्यान मिशिगन विद्यापीठात ‘एलडॅप’ या खुल्या संकेतप्रणालीचा विकास झाला होता. तिचे पहिले विनिर्देशन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. निसमधील माहिती एलडॅपमध्ये कशी मांडावी, हे मार्च १९९८ मधील ‘आरएफसी २३०७’ या दस्तऐवजाने स्पष्ट केले. त्यामुळे जुन्या व्यवस्थेतील नोंदी नव्या निर्देशिकेत नेण्याचा मार्ग मोकळा झाला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या २०२२ मधील नवव्या आवृत्तीतून निस वगळली गेली.

निष्कर्ष

निस तिच्या उणिवा ज्ञात असूनही दीर्घकाळ टिकली आणि अधिक सुरक्षित असलेली निस प्लस तिच्या आधी अस्तंगत झाली. यावरून तंत्रज्ञानाचा स्वीकार केवळ गुणवत्तेवर नव्हे, तर ते चालविणाऱ्यांच्या श्रमावरही अवलंबून असतो, असे दिसून येते. मात्र त्या श्रमाच्या बचतीची किंमत ज्यांचे पासवर्ड उघडे पडत, त्या वापरकर्त्यांना मोजावी लागे. निर्देशिका सेवेची निवड हा म्हणूनच तांत्रिक निर्णयाइतकाच उत्तरदायित्वाचाही प्रश्न ठरतो.