स्वस्त डेस्कटॉपसाठी प्रोसेसर निवडताना...

बेळगाव-निपाणी परिसरातील डीटीपी केंद्रे, व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि विद्यार्थ्यांची घरे यांना महागड्या संगणकाची गरज क्वचितच भासते. कन्नडसाठी ‘नुडी’, मराठीसाठी ‘श्रीलिपी’ आणि हिशेबासाठी ‘टॅली’ एकाच यंत्रावर सुरळीत चालावे, एवढीच अपेक्षा असते. त्या दृष्टीने इंटेलचा ‘कोअर आय३-१२१००’ हा प्रोसेसर विचारात घेण्याजोगा आहे.

वैशिष्ट्ये

जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या या प्रोसेसरमध्ये ४ कोअर व ८ थ्रेड आहेत. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ असून कामाच्या भारानुसार तो ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत वाढतो. कॅशे मेमरी १२ एमबी, तर मूळ वीजवापर ६० वॅट आहे. ‘एलजीए १७००’ सॉकेटमुळे, मदरबोर्डची क्षमता असल्यास, पुढे त्यावरच अधिक शक्तिशाली प्रोसेसर बसविता येतो.

कामगिरी

टंकलेखन, हिशेब व ब्राउझर यांसाठी कोअरच्या संख्येपेक्षा प्रत्येक कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो आणि तेथे हा प्रोसेसर सरस आहे. लग्नाच्या चित्रफितींचे संपादन करणाऱ्यांनी मात्र एएमडीच्या ‘रायझेन ५ ५६००जी’चा विचार करावा. त्यात ६ कोअर, १२ थ्रेड आणि अधिक सक्षम ग्राफिक्स आहेत. जानेवारी २०२४ मधील ‘आय३-१४१००’ नावाने दोन पिढ्या पुढचा असला, तरी त्यातही कोअर चारच आहेत. कमाल वेग तेवढा ४.७ गिगाहर्ट्झ झाला आहे.

किंमत आणि सावधगिरी

‘१२१००’चा जाहीर दर १२२ डॉलर, तर ‘१२१००एफ’चा ९७ डॉलर होता. हा फरक मोहात पाडणारा आहे. परंतु ‘एफ’ प्रकारात अंगभूत ग्राफिक्स नसतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर चित्रच उमटत नाही आणि झालेली बचत त्यातच संपते.

निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून संगणकाच्या सुट्या भागांवरील कराचा दर दोन्ही राज्यांत सारखाच आहे. त्यामुळे कर वाचेल म्हणून सीमा ओलांडण्यात अर्थ नाही. बिघाड झाल्यास कोणत्या दुकानात जाणे सोयीचे, हे पाहावे. खोकाबंद प्रोसेसरवर ३ वर्षांची हमी मिळते. त्यासाठी पक्के बिल जपून ठेवणे अत्यावश्यक आहे.

वापरलेल्या संगणकांच्या बाजारात ‘आय५’ एवढेच सांगून दहा-बारा वर्षांपूर्वीची यंत्रे खपविली जातात. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो. ज्या यंत्रावर ग्राहकांची कागदपत्रे आणि बँकेचे व्यवहार हाताळले जातात, ते सुरक्षा-अद्यतनांविना चालविणे धोक्याचे आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक पडद्यावर पाहून घ्यावा आणि तोच बिलावर लिहून घ्यावा.