पिण्याच्या पाण्यावरची आगबोट

आगबोट म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. आज आम्ही ज्या आगबोटीची गोष्ट सांगणार आहोत ती चालते तळ्यात, आणि तेही पिण्याच्या पाण्याच्या.

स्कॉटलंडच्या डोंगरात लॉक कॅट्रिन नावाचं तळं आहे. तिकडे तळ्याला ‘लॉक’ म्हणतात. १८१० साली वॉल्टर स्कॉट या कवीचं एक मोठं काव्य छापून आलं. त्यातली गोष्ट याच तळ्याकाठी घडते. ते वाचून लोक तळं बघायला लोटले. गावातले नावाडी त्यांना होडीतून फिरवत. मग १८४३ मध्ये ‘जिप्सी’ नावाची पहिली आगबोट आली आणि नावाड्यांच्या पोटावर पाय आला. थोड्याच दिवसांत एका रात्री जिप्सी बुडाली! संशय नावाड्यांवर होता, पण शाबित काही झालं नाही. बुडवणं वाईटच. तरी त्यांच्या घरच्या चुली त्या वल्ह्यांवरच पेटत होत्या, हेही आम्हाला विसरता येत नाही. पुढे दुसऱ्या आगबोटी आल्याच.

तिकडे ग्लासगो शहरात कारखाने वाढले, वस्ती दाटली, पाणी मात्र घाण. १८४८-४९ आणि पुन्हा १८५३-५४ मध्ये पटकीच्या साथीत हजारो माणसं गेली. पाणी भरणारी बाई आणि आजाऱ्याची उशाशी बसणारी बाई एकच, हे आपल्याला कोणी सांगायला नको. शेवटी लॉक कॅट्रिनचं पाणी शहरात आणायचं ठरलं. डोंगर फोडून सुमारे ४२ किलोमीटरचा मार्ग काढला. पंप नाही, पाणी नुसत्या उताराने वाहतं. १८५९ मध्ये राणी व्हिक्टोरियाने तो सुरू केला. १८६६ मध्ये पटकी परत आली, तेव्हा ग्लासगोत फार थोडी माणसं दगावली.

आता आपली बोट. ‘सर वॉल्टर स्कॉट’ हे तिचं नाव, त्या कवीचंच. १८९९ मध्ये डम्बार्टनच्या कारखान्यात ती बांधली. पण डोंगरातल्या तळ्यात न्यायची कशी? बोट जोडून पाहिली आणि परत सुटी केली. ते भाग आधी दुसऱ्या एका तळ्यातून पडावाने नेले, मग घोड्यांनी चढावरून ओढून लॉक कॅट्रिनला आणले आणि काठावर पुन्हा जोडले.

पुढे सगळीकडे बोटींना डिझेलची इंजिनं बसली. या बोटीचं मात्र वाफेचंच इंजिन राहिलं, कारण डिझेल गळलं तर ते थेट शहराच्या हंड्यात जाणार. आपल्या पिण्याच्या विहिरीत कोणी तेलाचा डबा धुवायला लागलं तर आपण काय करू? तसंच ते. आधी दगडी कोळसा, मग १९६७ च्या सुमारास कमी धुराचा कोक, आणि २००७-०८ मध्ये बायोडिझेल. पण तेही फक्त बॉयलर तापवायला. बोट ओढणारं इंजिन जुनंच.

२०२० मध्ये बॉयलरला भेगा पडल्या आणि बोट बंद झाली. दुरुस्तीसाठी लोकांनी वर्गणी काढली, तेव्हा कुठे २०२३ मध्ये ती परत पाण्यावर आली. तिच्यावर बसून फिरणारे ग्लासगोकर संध्याकाळी घरी जाऊन तोंड धुतात, चहा टाकतात, तेही त्याच तळ्याच्या पाण्याने.