गाऱ्हाणं ऐकणारी चाळण

२०२२ साली महाराष्ट्रात एक मेसेज मोबाइलवर येऊ लागला. मागच्या महिन्याचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल, ताबडतोब अमुक नंबरवर संपर्क करा. आचऱ्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात पावसाळ्यात वीज कधी सांगून जात नाही. तरीही घरात एकटीच असलेली एखादी म्हातारी हा मेसेज वाचून घाबरली, तर नवल नाही. बिल भरतो मुंबईचा मुलगा, तेही ऑनलाइन. या महिन्याचं भरलं की राहिलं, हे तिला कुठून कळणार? फोन लावला की पलीकडचा माणूस एक अ‍ॅप डाउनलोड करायला सांगे आणि बँकेचं खातं रिकामं होई.

महावितरणने तेव्हा वारंवार खुलासे केले. आमचे मेसेज ‘एमएसईडीसीएल’ ही अक्षरं असलेल्या सेंडर आयडीवरूनच येतात, कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून येत नाहीत, असं ग्राहकांना सांगितलं. पण असे मेसेज अडवण्यासाठी चाळण लावणाऱ्या यंत्राची अडचण वेगळी होती. नंबर नवा, त्याच्यावर आधीचा कुठलाच डाग नाही. मजकुरात लॉटरी नाही, बक्षीस नाही. वीज, बिल, रात्र, फोन असे रोजचेच शब्द. मेसेज खोटा आहे हे पहिल्यांदा कळायचं ते ज्याला आला त्याला. त्याने ते कुणाला तरी कळवायचं, आणि त्या कळवण्यावरून पुढच्याचा बचाव करायचा, ही युक्ती ई-मेलच्या जगात पंचवीसेक वर्षांपूर्वी घडत गेली.

नको असलेल्या ई-मेलचा, म्हणजे स्पॅमचा, इतिहास ३ मे १९७८ पासून सांगतात. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क याने इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकाच दमात नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं. पत्ते इतके झाले की नावांच्या रकान्यात मावेनात. उरलेले खाली मजकुरात उतरले. अर्पानेट चालत होतं संरक्षण खात्याच्या पैशावर. तक्रारी झाल्या, थर्कला समज मिळाली, विषय संपला. चाळणीची गरजच पडली नाही, कारण पाठवणाऱ्याला नाव होतं, कंपनी होती आणि कान धरायला वरिष्ठही होता.

भारतात ई-मेल आधी पोचली ती संशोधन संस्थांमध्ये, १९८६ नंतर अर्नेट प्रकल्पातून. जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी या त्यातल्या सुरुवातीच्या संस्था. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. मोडेम कुरकुरत जोडला जायचा, तास मोजले जायचे आणि टेलिफोनचं बिल वेगळं चढायचं. पुढे हॉटमेल आणि रेडिफमेलसारख्या फुकट पत्त्यांनी सायबर कॅफेतली गर्दी वाढवली. कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्या माणसाला इनबॉक्समधली निम्मी पत्रं परदेशी औषधांची आणि झटपट कर्जाची निघाली, तर भुर्दंड त्याच्याच खिशाला. पाठवणाऱ्याला मात्र शंभर पत्रांचा आणि लाख पत्रांचा खर्च जवळपास सारखाच पडायचा.

सुरुवातीचे उपाय पहारेकऱ्याचे होते. वाईट शब्दांची यादी करा, वाईट सर्व्हरची यादी करा, त्यांना दारातच अडवा. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये चालू केलेली सर्व्हरची काळी यादी बरीच गाजली. पण यादीतला शब्द दिसला की पाठवणारे त्याच्या मधोमध एखादा आकडा घुसवायचे. उलट एखाद्या डॉक्टरला आलेलं खरंखुरं पत्र औषधाच्या नावावरून अडकून पडायचं.

१९९८ मध्ये मेहरान सहामी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी वेगळा रस्ता सुचवला. नियम माणसाने लिहायचे नाहीत. माणसाने फक्त पत्रं वेगळी करून द्यायची, ही कामाची आणि ही कचऱ्याची. कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो, ते यंत्राने मोजायचं. २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने हीच कल्पना सोप्या भाषेत मांडली आणि ती घरोघरच्या प्रोग्रॅमरांच्या हाती पडली. त्याने दोन्ही प्रकारची सुमारे चार-चार हजार पत्रं घेतली. नवं पत्र आलं की त्यातले सर्वांत बोलके पंधरा शब्द निवडायचे आणि त्यांच्यावरून पत्र कचऱ्यातलं असण्याची शक्यता काढायची. या मोजणीत त्याला एक गंमत सापडली. अक्षरं लालभडक करणारा वेबपानाचा संकेत, ‘एफएफ’ आणि पुढे चार शून्यं, हा कुठल्याही अश्लील शब्दाइतकाच खात्रीचा पुरावा निघाला. माणसाने यादी करायला बसून तो कधीच लिहिला नसता.

त्याच लेखात ग्रॅहमने सुचवलं की ई-मेल पुसायला दोन बटणं हवीत: एक नुसतं पुसण्याचं आणि दुसरं ‘कचरा म्हणून पुसण्याचं’. वाचणाऱ्याचा वैताग म्हणजे यंत्राला मिळालेला धडा, हे त्यामागचं गणित.

हा वैताग सगळ्यांनी मिळून वापरावा, ही कल्पना मात्र त्याआधीच एका भारतीय प्रोग्रॅमरने राबवली होती. विपुल वेद प्रकाश याने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘विपुल्स रेझर’ नावाची मोफत प्रणाली बाहेर काढली. कुणी एखादं पत्र कचरा म्हणून कळवलं की त्याची गणिती खूण काढून सामाईक नोंदवहीत जमा व्हायची. तेच पत्र दुसऱ्याकडे पोचलं की त्याचा संगणक आधी नोंदवही बघायचा. पाठवणाऱ्यांनी मग प्रत्येक प्रतीत चार अक्षरं बदलायला सुरुवात केली, तेव्हा थोडाफार फरक असला तरी जुळणाऱ्या खुणा काढाव्या लागल्या. खरी पंचाईत तक्रारदारांचीच होती. स्वतः नाव नोंदवून मागवलेलं वार्तापत्र नकोसं झालं की लोक तेही कचऱ्यात ढकलत. म्हणून रेझरच्या पुढच्या आवृत्तीत तक्रार करणाऱ्याचीही पत ठरू लागली. ज्याचा कौल इतर भरवशाच्या माणसांशी जुळत जाई त्याचं वजन वाढे, ज्याचा सतत विरुद्ध जाई त्याचं घटे.

आचऱ्याच्या रामेश्वरासमोर काय किंवा सिंधुदुर्गातल्या दुसऱ्या कुठल्या देवळात काय, गाऱ्हाणं एकजण घालतो आणि बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. रेझरमध्येही एकट्याचं गाऱ्हाणं नोंदलं जाई, पण त्याला बळ येई ते इतरांच्या होकाराने. फक्त इथे ‘होय’ कोण म्हणतंय याचाही हिशेब राही. प्रकाश याने २००१ मध्ये जॉर्डन रिटर याच्यासोबत याच कल्पनेवर क्लाउडमार्क ही कंपनी उभी केली.

१ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं आणि ‘रिपोर्ट स्पॅम’चं बटण बोटाखाली आलं. तेव्हा दोन प्रश्न पुढे आले. पहिला, एकाचा कचरा तो दुसऱ्याचा माल. सोन्याच्या दुकानाची ऑफर एकाला नकोशी, तर लग्नघरात हवीशी. याहूच्या संशोधकांनी २००९ मध्ये चार लाखांहून अधिक वापरकर्त्यांच्या ई-मेलवर प्रयोग करून दाखवलं की सगळ्यांची एक सामाईक चाळण आणि प्रत्येकाची आपली खासगी चाळण एकत्र चालवता येते. यातला सुखद भाग असा की ज्यांनी आयुष्यात एकदाही बटण दाबलं नव्हतं, त्यांच्याही इनबॉक्समधला कचरा कमी झाला. तक्रारखोरांच्या लहरी आणि आवडीनिवडी त्यांच्या खासगी चाळणीत राहिल्या, त्यामुळे सामाईक चाळण स्वच्छ झाली.

दुसरा प्रश्न लबाडीचा. कचरा पाठवणाऱ्यांनी स्वतःच ढीगभर खाती उघडली, स्वतःलाच कचरा पाठवला आणि त्या खात्यांतून ‘हा स्पॅम नाही’ असं ठोकून दिलं. २०११ मध्ये याहूच्याच आकडेवारीवर या खोट्या साक्षींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका पत्राला किती मतं पडली, एवढ्यावर आता भागेना. कुठली खाती नेहमी एकाच टोळक्याने मत देतात, हेही बघावं लागलं.

भारतात ई-मेल स्पॅमसाठी वेगळा कायदा झालाच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमातलं एक पोटकलम त्रास देणाऱ्या किंवा पाठवणाऱ्याची ओळख लपवून फसवणाऱ्या ई-मेलला लागू व्हायचं. पण ते कलम गाजलं भलत्याच कारणाने. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयीच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी अख्खं कलम रद्द झालं. ई-मेलचं पोटकलमही त्याबरोबरच गेलं.

फोन आणि एसएमएसच्या बाबतीत मात्र सरकारी यंत्रणा तक्रारीवरच उभी राहिली. २००७ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आणली, म्हणजे नको असेल त्याने तसं आधी सांगून ठेवायचं. सप्टेंबर २०११ पासून नवे नियम आले. एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएस ही मर्यादाही तेव्हाचीच. लोकांनी ओरड केल्यावर ती २०० झाली. तक्रारीसाठी १९०९ हा नंबर आहे आणि तक्रार करायची रीत साधी आहे: मेसेजचा मजकूर, ज्या नंबरवरून आला तो नंबर आणि तारीख, मध्ये स्वल्पविराम देऊन, १९०९ वर एसएमएस. ज्याला मेसेज आला त्याची मोबाइल कंपनी ही तक्रार पाठवणाऱ्याच्या कंपनीकडे सरकवते. २०१८ च्या नियमांनी हा व्यवहार सगळ्या कंपन्यांच्या सामाईक डिजिटल खातेवहीत आणला.

पण नोंदणीकृत सेंडर आयडी सोडून साध्या सिमवरून मेसेज टाकणाऱ्यांचं काय, हा प्रश्न वीजबिलाच्या मेसेजने पुन्हा उभा केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने नियम कडक केले. तक्रारीची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवस झाली. नोंदणी नसलेल्या नंबरवर कारवाईसाठी पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी लागत, आता १० दिवसांत ५ पुरतात. कंपनीला ३० दिवसांऐवजी ५ दिवसांत हालचाल करावी लागते. एकाच्या तक्रारीने नंबर बंद होत नाही, पाच जणांनी होकार भरावा लागतो, हे रेझरच्या काळापासूनचं तत्त्व इथे कायद्यात उतरलं.

फसवणारे तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर सरकले आहेत. ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिका म्हणून अ‍ॅप बसवणारी एपीके फाइल येते, उघडली की फोनचा ताबा जातो. तिथे ‘रिपोर्ट’ दाबलं की त्या संभाषणातले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात. १९०९ वरच्या तक्रारीला निदान क्रमांक मिळतो आणि ट्रायची मुदत लागते. व्हॉट्सअ‍ॅपला ट्रायचे हे नियम लागू नाहीत; किती गाऱ्हाणी आल्यावर नंबर बंद करायचा, हे तिथे कंपनीच ठरवते.